उएनो टेकडी आणि यानाका : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वाट

टोकियोत नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत उएनोला जातोच. कुणी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला जातं, कुणी मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायला, तर कुणी अमेयोकोच्या बाजारात. संध्याकाळी बहुतेक जण पाय दुखवून घेऊन परत येतात आणि म्हणतात, "मोठी बाग आहे, म्युझियमं आहेत, बाकी विशेष काही नाही." मला हे ऐकवत नाही. उएनो कळायला एकच सूत्र हाती लागतं, आणि ते आधीच कुणी सांगितलं तर सगळा दिवस वेगळा होतो.

ते सूत्र असं. ही सगळी टेकडी एकेकाळी एकाच मंदिराची होती. १६२५ साली तेन्काई या भिक्षूने तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांसाठी, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी शासकांसाठी, इथे कानेइजी हे मंदिर उभारलं. क्योतोच्या ईशान्येला हिएइ पर्वत आहे आणि त्यावरचं एन्र्याकुजी मंदिर राजधानीचं रक्षण करतं, अशी जुनी श्रद्धा. त्याच धर्तीवर एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्याच्या ईशान्येला हे नवं मंदिर आलं. तिकडे बिवा सरोवर, म्हणून इकडे शिनोबाझु तळं. तिकडच्या सरोवरात चिकुबुशिमा बेट, म्हणून या तळ्यातही एक बेट. पुढे १८६८ मध्ये याच टेकडीवर लढाई झाली आणि मंदिराच्या बहुतेक इमारती जळाल्या. १८७३ मध्ये सरकारने जागा सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर केली आणि त्या मोकळ्या जमिनीवर एकेक करून संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, कलाविद्यालय, ग्रंथालय येत गेलं. आज कारंज्याचा मोठा चौक आहे तिथे मंदिराचा मुख्य मंडप होता. राष्ट्रीय संग्रहालय आहे तिथे मठाधिपतींचा वाडा होता, आणि हे मठाधिपती राजघराण्यातले असत.

म्हणजे आपण बागेत नव्हे, एका मोडलेल्या मंदिराच्या आवारात फिरत असतो. खालच्या पायऱ्या मी त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. आधी वार ठरवा

सोमवारी जाऊ नका. राष्ट्रीय संग्रहालय, पाश्चात्त्य कला संग्रहालय, विज्ञान संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि बालग्रंथालय, सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बहुतेक संस्था त्या दिवशी उघड्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. लांब सुट्टीला जोडून मंगळवारी जाणारे इथेच फसतात. बालग्रंथालय मात्र, ५ मे सोडला तर, सार्वजनिक सुट्टीलाही बंद असतं.

इमारती जुन्या आहेत, दुरुस्तीसाठी कधीकधी महिनोन्महिने बंद राहतात. म्हणून निघण्याआधी त्या-त्या संस्थेचं संकेतस्थळ उघडून त्या दिवसाची वेळ बघाच. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या आधी अर्धा तास किंवा त्याहून लवकर थांबतो, हेही लक्षात ठेवा.

ऋतू म्हणाल तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा, पण तेव्हा मुख्य रस्त्यावर चालणंही अवघड. माझी पसंती जुलैअखेर ते ऑगस्टची सकाळ. उकाडा असतो, पण तळं कमळांनी भरलेलं असतं. कमळं सकाळी लवकर उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून आठच्या आत पोचा.

२. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र. इथे राहणाऱ्यांनी रहिवासी कार्ड आणि पर्यटकांनी पासपोर्ट कायम जवळ ठेवावा, असा कायदाच आहे.
- विद्यार्थी असाल तर कॉलेजचं ओळखपत्र. तिकिटात चांगली सवलत मिळते.
- भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट. राष्ट्रीय संग्रहालयाचं कायमस्वरूपी प्रदर्शन सत्तरीपुढच्यांना मोफत आहे. पाश्चात्त्य कला आणि विज्ञान संग्रहालयात ६५ वर्षांपासून मोफत. वय दाखवल्याशिवाय सवलत मिळत नाही, आणि नुसता फोटो चालेलच असं नाही.
- रेल्वे-बससाठी सुइका किंवा पास्मो कार्ड, थोडी रोकड आणि शंभर येनची नाणी. संग्रहालयांतल्या लॉकरना नाणं लागतं. सामान काढताना ते परत मिळतं, तेवढं घ्यायला विसरू नका.
- पेन्सिल. चित्रांजवळ पेनने टिपणं काढू देत नाहीत.
- सहज काढता-घालता येतील असे बूट आणि बिनभोकाचे मोजे. उएनोच्या मागच्या यानाका भागातल्या शिल्प संग्रहालयात बूट काढावे लागतात.
- कचऱ्यासाठी एक पिशवी. कचराकुंडी शोधत फिरण्यापेक्षा घरी नेलेलं बरं.

३. स्टेशनातून कुठून बाहेर पडायचं

जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, उएनो स्टेशनला बरीच दारं आहेत. म्हातारी माणसं किंवा बाबागाडी बरोबर असेल तर सरळ पार्क एक्झिट घ्या. तिथून रस्ता न ओलांडता सपाटीने बागेत शिरता येतं. बाकीच्यांना मात्र माझा आग्रह शिनोबाझु एक्झिटचा. तिथून टेकडीच्या दक्षिण टोकाला येता येतं, पायऱ्या चढून वर जाता येतं, आणि मंदिराच्या काळी लोक ज्या बाजूने येत त्याच बाजूने आपण आत शिरतो.

निशी-कासाईच्या भारतीय वस्तीकडून येणाऱ्यांनी तोझाई लाइनने निहोनबाशीला येऊन गिन्झा लाइन पकडावी. उएनो ते आसाकुसा हा गिन्झा लाइनचा तुकडा १९२७ साली सुरू झाला. आशियातली ही पहिली भुयारी रेल्वे.

सापळा नावांचा आहे. उएनो, केइसेई-उएनो, उएनो-हिरोकोजी, उएनो-ओकाचिमाची, ओकाचिमाची आणि नाका-ओकाचिमाची ही सगळी वेगवेगळी स्टेशनं आहेत आणि सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. मित्रांना भेटायचं ठरवताना "उएनो स्टेशनला भेटू" एवढं पुरत नाही. कंपनी, स्टेशन आणि दार, तिन्ही सांगा.

४. साइगोच्या पुतळ्यापासून सुरुवात

पायऱ्या चढल्या की कुत्रा घेऊन उभा असलेला, साध्या किमोनोतला जाडजूड माणूस दिसतो. हा साइगो ताकामोरी. पुतळा १८९८ चा, शिल्पकार ताकामुरा कोउन. सगळे इथे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही पुतळ्याच्या मागे जा.

मागे कुंपणात एक थडगं आहे. १८६८ च्या जुलैमध्ये शोगुनांशी एकनिष्ठ राहिलेल्या शोगिताई या तुकडीने कानेइजीत ठाण मांडलं होतं. शोगुनांची सत्ता संपवून आलेल्या नव्या सरकारच्या फौजेने तोफा लावल्या आणि एका दिवसात लढाई संपवली. टेकडीच्या तोंडाशी असलेल्या काळ्या दरवाज्यावरचा हल्ला साइगोच्या नेतृत्वाखाली झाला होता. मेलेल्या शोगिताईंना इथेच अग्नी दिला. पुढे त्यांच्यातल्याच वाचलेल्यांनी हे थडगं उभारलं, पण दगडावर शोगिताई हे नाव नाही. सरकारचा रोष नको म्हणून नुसतं "लढाईत मेलेल्यांची समाधी" एवढंच कोरलं आहे. जिंकलेला पुढे, हरलेले मागे, आणि दोघांत काही पावलांचं अंतर. स्वतः साइगोही नंतर त्याच सरकारविरुद्ध उठला आणि १८७७ मध्ये मेला. या टेकडीवर मला सगळ्यांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते इथे.

तिथून दोन मिनिटांवर कियोमिझु कान्नोन-दो. हे १६३१ चं, क्योतोच्या कियोमिझु मंदिरावरून बेतलेलं. लढाईतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ही एक. सज्जात उभं राहिलात की समोर एक पाइनचं झाड दिसेल, ज्याची फांदी पूर्ण गोल वळवलेली आहे. हिरोशिगेच्या एदोच्या चित्रमालिकेत हे झाड आहे. मूळ झाड मेइजी काळात (१८६८ ते १९१२) वादळात गेलं, आताचं २०१२ मध्ये पुन्हा लावून तसं वळवलेलं. त्या वर्तुळातून बघा, बरोबर मधोमध तळ्यातलं देऊळ दिसतं. पुढची पायरी तीच.

५. तळ्यातली सरस्वती

बेटावरचं बेन्तेन-दो हे बेन्झाइतेन देवीचं देऊळ, आणि बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती इथे आली. इथली मूर्ती आठ हातांची आहे, पण एरवी तिचं दर्शन होत नाही. मूळ देऊळ १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आताचं १९५८ चं. वीणेच्या जागी तिच्याकडे बिवा हे तंतुवाद्य असतं, आणि देवळापाशी बिवाचं शिल्पही आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे टाळ्या वाजवणं. बेन्तेन-दो कानेइजीचाच भाग आहे, म्हणजे बौद्ध मंदिर. बौद्ध मंदिरात नाणं टाकायचं, हात जोडायचे, मान झुकवायची, बस. आपल्यासारखाच नमस्कार. दोनदा वाकणं, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा वाकणं ही पद्धत शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानांची. ती करायची असेल तर वर टेकडीच्या उतारावर हानाझोनो इनारी आहे, लाल तोरीईंच्या, म्हणजे लाकडी कमानींच्या, रांगेतून खाली उतरत जायचं.

देवळाभोवतीचे दगड चुकवू नका. स्वयंपाक्यांनी आपल्या झिजलेल्या सुऱ्यांचं स्मारक उभं केलं आहे. फुगू माशाचं स्मारक आहे, चष्म्याचंही आहे. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याला नमस्कार करण्याची ही रीत. दसऱ्याला हत्यारं पुजणाऱ्या घरातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

६. तोशोगू, पॅगोडा आणि प्राणिसंग्रहालय

तळ्यावरून पुन्हा वर आलात की दगडी दिव्यांची दुतर्फा रांग लागते. हे दिवे सरदारांनी वाहिलेले, अंगावर त्यांची नावं कोरलेली आहेत. टोकाला तोशोगू, तोकुगावा घराण्यातला पहिला शोगुन इएयासू याचं देवस्थान. आताची सोनेरी वास्तू १६५१ ची. १८६८ ची लढाई, १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्ब, तिन्हींतून ती वाचली. बाहेरचं आवार मोफत आहे, आतल्या भागाला तिकीट. सोनेरी दरवाज्यावरचे ड्रॅगन बाहेरूनच दिसतात, तेव्हा वेळ कमी असेल तर आत गेला नाहीत तरी चालेल.

जवळच झाडीत एक पाच मजली पॅगोडा दिसतो, १६३९ चा. त्याच्या पायथ्याशी जायचं असेल तर प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढावं लागतं, कारण तो आता त्यांच्या हद्दीत आहे. मोडलेल्या मंदिराची वाटणी कशी झाली ते इथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

उएनोचं प्राणिसंग्रहालय १८८२ चं, जपानमधलं सगळ्यांत जुनं. १९७२ मध्ये चीनहून पांडा आले तेव्हापासून लोक त्याला पांडांसाठी ओळखू लागले; शेवटचे पांडा २०२६ मध्ये चीनला परत गेले. मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना हत्तीची गोष्ट सांगा. १९४३ मध्ये, बॉम्ब पडले तर हिंस्र प्राणी सुटतील म्हणून, त्यांना मारून टाकण्याचा हुकूम निघाला. तीन हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला एक हत्ती द्या. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये म्हैसूरहून एक हत्तीण उएनोत पोचली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, इंदिरा. ती १९८३ पर्यंत इथे होती. तुम्ही भारतातले आहात हे कळल्यावर वयस्कर जपानी माणसं कधीकधी आपणहून तिची आठवण काढतात. मारलेल्या प्राण्यांचं स्मारक संग्रहालयाच्या आवारात आहे.

मुलं प्राथमिक शाळेपर्यंतची असतील तर त्यांना तिकीट नाही. २० मार्च, ४ मे आणि १ ऑक्टोबरला सगळ्यांनाच मोफत, पण त्या दिवशी लहान मुलांना नेऊ नका. गर्दीत माणसांच्या पाठीच दिसतात.

७. संग्रहालय एकच निवडा

एका दिवसात तीन संग्रहालयं करायला जाऊ नका. कायमस्वरूपी प्रदर्शनाची तिकिटं साधारण ५०० ते १००० येनच्या दरम्यान असतात, तेव्हा पुन्हा येणं परवडतं. आणखी एक सापळा म्हणजे तिकीटखिडकीवर दोन वेगळी तिकिटं असतात. विशेष प्रदर्शनाचं महाग असतं, त्याची रांग मोठी असते आणि सवलतीचे नियमही निराळे. पहिल्यांदा जाताय तर कायमस्वरूपीच मागा.

टोकियो राष्ट्रीय संग्रहालय. १८७२ मध्ये स्थापन झालं, उएनोत १८८२ पासून. मूळ इमारत १९२३ च्या भूकंपात गेली, आताची मुख्य इमारत, होनकान, १९३८ मध्ये उघडली. तिच्या दुसऱ्या मजल्यावर जपानी कला कालक्रमाने लावली आहे, तिथून सुरुवात करा. मग तोयोकान या इमारतीत जा, तिथे गांधार शैलीचे बुद्ध आहेत. गांधारातले बुद्ध पाहून मग होनकानमधले बुद्ध पुन्हा पाहिले, की अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या कुठून कुठे आल्या ते डोळ्यांना कळतं. बाहेर पडल्यावर पूर्वेकडच्या रिन्नोजी मंदिराच्या आवारात मठाधिपतींच्या वाड्याचा जुना दरवाजा उभा आहे. लाकडातली भोकं नीट बघा, ती १८६८ च्या गोळ्यांची.

पाश्चात्त्य कला संग्रहालय. जहाजबांधणीतले उद्योगपती मात्सुकाता कोजिरो यांनी युरोपात जमवलेली चित्रं युद्धात फ्रान्समध्ये अडकली. ती परत मिळाली ती त्यांच्यासाठी संग्रहालय बांधण्याच्या अटीवर. १९५९ ची ही इमारत वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची. मधल्या दालनापासून बाहेर गुंडाळत जाणारं संग्रहालय ही त्याची कल्पना. अहमदाबादचं संस्कार केंद्र आणि चंडीगडचं संग्रहालय त्याच कुळातलं. २०१६ मध्ये त्याच्या १७ वास्तू एकत्र जागतिक वारसा यादीत आल्या, त्यांत ही आहे आणि चंडीगडचा कॅपिटॉल परिसरही. अंगणातली रोदाँची शिल्पं तिकिटाशिवाय बघता येतात. समोरचं बुन्का काइकान हे संगीतगृह ल कॉर्ब्युझिएच्याच शिष्याने, माएकावा कुनिओने, १९६१ मध्ये बांधलं.

विज्ञान संग्रहालय मुलांसाठी उत्तम. दहा वर्षांखालची मुलं असतील तर कलेचा हट्ट सोडा आणि इथेच या.

८. बालग्रंथालय

हे जवळपास कुणी बघत नाही, आणि मोफत आहे. १९०६ ची शाही ग्रंथालयाची इमारत, तिच्यात २००० सालापासून आंतरराष्ट्रीय बालसाहित्य ग्रंथालय आहे. उंच खिडक्या, जुना जिना, आणि त्याला वास्तुकार आंदो तादाओ यांनी जोडलेली काच. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, बसून वाचा. पाऊस आला तर उएनोत याहून चांगला आसरा नाही.

९. पोटापाण्याचं

मांसाहारी असाल तर काळजी नाही. शाकाहारी माणसाने "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. नूडल्सच्या रश्शात, भाजीच्या आमटीत, सॉसमध्येही माशाचा अर्क, दाशी, असतो. "मासा नको, दाशीसुद्धा नको" असं जपानीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. डबा आणलात तर बागेतल्या बाकांवर बसून निवांत खाता येतं.

नाहीतर दक्षिणेला ओकाचिमाचीकडे चला. तो दागिन्यांच्या घाऊक व्यापाराचा भाग, तिथे भारतीय रत्नव्यापारी पुष्कळ, त्यामुळे शाकाहारी भारतीय खानावळीही मिळतात, जैन जेवणाची सोय असलेल्यासुद्धा. वाटेत अमेयोको लागतो, रुळांखालचा युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेला बाजार. तिथल्या अमेयोको सेंटरच्या तळघरात आशियाई मसाले आणि भाज्या मिळतात. सुकी मासळी, सुकामेवा घ्यायचा असेल तर संध्याकाळी भाव उतरतात.

१०. दुपारनंतर यानाका

राष्ट्रीय संग्रहालयाच्या मागच्या बाजूने चालत निघालात की आताचं कानेइजी लागतं. १८७९ मध्ये कावागोएहून आणून उभारलेला हा मंडप लहानसाच आहे. १५ पैकी ६ शोगुन याच मंदिराच्या जमिनीत पुरले आहेत, पण ती जागा एरवी बंद असते. तसंच पुढे यानाका दफनभूमीत जा.

शेवटचा शोगुन योशिनोबू इथे आहे. कुंपणापलीकडे, दगडांनी मढवलेला गोल उंचवटा. पूर्वज टेकडीवरच्या बौद्ध मंदिरात आणि हा शिंतो पद्धतीच्या थडग्यात. मधल्या रस्त्याला पोलीस चौकीपाशी नुसते जोत्याचे दगड दिसतील. तिथला पाच मजली पॅगोडा १९५७ मध्ये एका जोडप्याने आत्महत्या करताना लावलेल्या आगीत गेला.

थडग्यांमागे उभ्या असलेल्या उंच लाकडी फळ्यांजवळ थांबा. त्यांवर वरून खाली पाच अक्षरं असतात, ती चिनी नाहीत. ती सिद्धम् लिपी, आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीतून आलेली. वरून ख, ह, र, व, अ, म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. थोडं निरखलंत तर एखादं अक्षर ओळखीचं वाटतं. फोटो काढायचा तर थडग्यांवरची नावं आणि आलेले नातेवाईक त्यात येऊ देऊ नका.

इथून गल्ल्या. १९२३ चा भूकंप आणि १९४५ च्या आगी यानाकाने बऱ्याच अंशी चुकवल्या, म्हणून लाकडी घरं, छोटी देवळं, पिढीजात दुकानं टिकून आहेत. शिल्पकार आसाकुरा फुमिओ यांचं घर आता संग्रहालय आहे. मधलं पाण्याचं अंगण बघाच, फक्त ते सोमवारबरोबर गुरुवारीही बंद असतं. मग यानाका गिन्झाचा बाजार, आणि त्याच्या वरच्या टोकाच्या, मावळतीकडे तोंड केलेल्या पायऱ्या. दुकानं लवकर बंद होतात, सहापर्यंत अर्धी शटरं खाली येतात. गल्ल्यांत चालत खाऊ नका, दुकानासमोरच उभं राहून संपवा आणि कागद तिथेच द्या.

पायांत अजून बळ असेल तर १७०६ चं नेझू देवस्थान गाठा. एप्रिलच्या मध्यानंतर त्याच्या उतारावर अझेलिया फुललेल्या असतात. परतताना पुन्हा उएनोला जायचं कारण नाही. बाजाराच्या खालच्या टोकाला सेन्दागी स्टेशन, देवस्थानाजवळ नेझू स्टेशन, दोन्ही चियोदा लाइनवर. निशी-कासाईला जाणाऱ्यांनी ओतेमाचीला उतरून तोझाई लाइन पकडावी. संध्याकाळी सहा ते आठ ती खच्चून भरते, म्हणून मुलं बरोबर असतील तर पाचच्या आत निघा.